विजेपासून टीव्ही-राउटर वाचवणारा डबा घरीच बनवायचाय: आराखडा तपासून द्या

अर्धा_ओहम

नमस्कार मंडळी. मागच्या वादळात कुठेतरी जवळपास वीज कोसळली आणि आमचा राउटर कायमचा झोपला. टीव्ही वाचला, पण त्याचं एक एचडीएमआय पोर्ट गेलं, बाकीची व्यवस्थित आहेत. त्या पोर्टला सेट टॉप बॉक्स जोडलेला होता, तोही मेला. घराला काहीही झालेलं नाही. एमसीबीसुद्धा पडला नाही.

म्हणून एक डबा बनवायचं डोक्यात आहे. आराखडा असा: भिंतीतल्या सॉकेटमधून तीन पिनी वायर आत, फेजमध्ये ६ अँपिअरचा काचेचा फ्यूज, त्यापुढे फेज आणि न्यूट्रलच्या मधे एक एमओव्ही (व्होल्टेज ठरावीक पातळीच्या वर गेलं की धक्क्याला वाट देणारी चकती; १४डी४७१ हाताशी आहे) आणि बाहेर चार सॉकेट. शिवाय घराच्या अर्थिंगवर माझा फारसा भरवसा नाही, तेव्हा खिडकीबाहेर तांब्याची सळई ठोकून ती फक्त या डब्याला जोडावी असा विचार आहे.

सोल्डरिंग येतं, मल्टीमीटर आहे, ऑसिलोस्कोप नाही. एवढ्यावर भागेल का? की तीन-चार एमओव्ही समांतर लावू?

जुना_वायरमन

सळईचा विचार आधी डोक्यातून काढा, बाकीचं नंतर बोलू.

घराचं अर्थिंग एकीकडे, तुमची सळई दुसरीकडे, मधे माती. विजेचा सगळा प्रवाह सोडा, एक फाटा म्हणून १० किलोअँपिअर त्या सळईत उतरला आणि सळईचा रोध १० ओहम असला, तर सळईचं वरचं टोक १ लाख व्होल्टवर जातं. साधा ओहमचा नियम. कायम शून्यावर राहणारं अर्थिंग फक्त आकृतीत असतं. आता डब्याला लावलेला टीव्ही १ लाखावर आणि त्याच टीव्हीला केबलने जोडलेली, घराच्या अर्थिंगवरची वस्तू कुठेतरी खाली. हा फरक कुठे फुटणार? मधल्या केबलच्या दोन्ही टोकांना.

भरतीला बंदरातल्या सगळ्या नावा एकत्र वर चढतात तेव्हा कोणालाच काही होत नाही. एखादी आखूड दोराने धक्क्याला बांधलेली असली की तीच बुडते. तुमची सळई म्हणजे तो आखूड दोर.

अर्थिंग खराब असेल तर तेच दुरुस्त करून घ्या. दुसरी सळई ठोकायचीच असेल तर ती मुख्य अर्थिंगला जाड तारेने जोडलेली हवी, आणि ते काम परवाना असलेल्या माणसाकडूनच.

चकमक

आणि वीज थेट घरावरच पडली तर? तेव्हा हा डबा काय करणार?

जुना_वायरमन

वितळणार. पहिल्या आघाताचा प्रवाह साधारण ३० किलोअँपिअरच्या घरात असतो आणि विजेपासूनच्या संरक्षणाचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६२३०५, त्यात संरक्षणाची सगळ्यात कडक पातळी २०० किलोअँपिअर धरून आखलेली आहे. १४ मिलिमीटरचा एमओव्ही एका धक्क्याला जेमतेम साडेचार किलोअँपिअर सोसतो, तोही ८/२० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे ८ मध्ये चढून २० मध्ये निम्म्यावर येणारा आखूड धक्का. थेट आघातासाठी छपरावरचा वीजवाहक, मुख्य बोर्डातलं टाइप १ (थेट आघाताचा प्रवाह सोसणारं) संरक्षक आणि उपसलेला प्लग. घरगुती डब्याचा इथे काही संबंध नाही. तो जवळपास पडलेल्या विजेसाठी.

पोथीनिष्ठ

थोडं अवांतर. विजेसाठी घरी केलेल्या उपकरणाचा पहिला नामांकित बळी म्हणजे सेंट पीटर्सबर्गमधले प्राध्यापक गेऑर्ग विल्हेल्म रिखमन. ऑगस्ट १७५३ मध्ये वादळ आलं म्हणून ते घाईने घरी गेले. छपरावरची सळई त्यांनी तारेने घरात आणली होती आणि तिच्या टोकाला मापन करणारं यंत्र जोडलं होतं. ती जमिनीला जोडलेली नव्हती. मापन बघायला ते वाकले आणि तिथेच गेले. अर्धा_ओहम, खिडकीबाहेरची सळई वाचून तेच आठवलं हो.

अर्धा_ओहम

बरं बाबांनो, सळई रद्द! पण मग माझ्या घरात नेमकं झालं काय? एमसीबी कसा पडला नाही?

निळी_शाई

एमसीबीचं हे कामच नाही. तो पडायला काही मिलिसेकंद लागतात आणि विजेचा धक्का शंभरेक मायक्रोसेकंदांत येऊन गेलेला असतो. स्टॅबिलायझरची गत तीच. आरसीसीबी (अर्थकडे प्रवाह झिरपला की लाइन तोडणारा स्विच) कधी कधी पडतो, पण तोवर व्हायचं ते झालेलं असतं.

तुमच्याकडे काय मेलं ते पुन्हा बघा. राउटर, सेट टॉप बॉक्स आणि टीव्हीचं फक्त तेच पोर्ट जिथे सेट टॉप बॉक्स जोडला होता. टीव्हीचा पॉवर सप्लाय जिवंत आहे! धक्का लाइटच्या वायरमधून आला असता तर सगळ्यात आधी तोच गेला असता. म्हणजे तो डिशच्या किंवा इंटरनेटच्या केबलमधून आला, सेट टॉप बॉक्समधून एचडीएमआयमध्ये शिरला आणि टीव्हीमार्गे लाइटच्या वायरीकडे निघून गेला. मूळ आराखड्यातला डबा त्या दिवशी लावलेला असता तरी याच तिन्ही गोष्टी मेल्या असत्या.

दुसरी शक्यता, किंवा सोबतीला, घरातल्या वायरींचं वेटोळं. टीव्हीला एका बाजूने लाइट, दुसऱ्या बाजूने फिरून आलेली नेटवर्क केबल, आणि दोन्ही पुन्हा राउटरपाशी भेटतात. मधे जे क्षेत्रफळ उरतं तो एका वेढ्याचा ट्रान्सफॉर्मर. समजा वीज १०० मीटरवर पडली आणि प्रवाह दर मायक्रोसेकंदाला ३० किलोअँपिअर या वेगाने चढला. चुंबकीय क्षेत्र मायक्रोसेकंदाला ६० मायक्रोटेस्लाने बदलतं, म्हणजे दर चौरस मीटरला ६० व्होल्ट. वेटोळं १० चौरस मीटरचं असेल तर ६०० व्होल्ट, कुठलीही तार विजेला न शिवता. ५० मीटरवर पडली तर दुप्पट.

इथरनेटच्या पोर्टात निदान १५०० व्होल्ट सोसणारा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. एचडीएमआयमध्ये तसं काहीच नसतं, ते थेट चिपमध्ये जातं. म्हणून अशा वेळी एचडीएमआय पोर्टं मरतात.

भिंगरी

आमच्याकडे वायरला पाच-सहा गाठी मारून ठेवतात. वीज गाठीत अडकते म्हणे. हसू नका, पण आजवर टीव्ही गेलेला नाही.

कपॅसिटर_काका

हसत नाही. गाठीमागे एक अर्धवट खरी गोष्ट आहे. तारेला वेटोळं दिलं की इंडक्टन्स वाढतो आणि झपाट्याने चढणाऱ्या प्रवाहाला तो अडवतो. पण तुमच्या वायरीत फेज आणि न्यूट्रल शेजारी शेजारी आहेत, दोघांचे प्रवाह उलट, तेव्हा त्या दोघांमधल्या धक्क्यासाठी गाठीचा परिणाम जवळपास शून्य. दोन्ही तारांवर एकाच दिशेने आलेल्या धक्क्यासाठी थोडा फरक पडतो, पण पाच गाठींनी मिळणार काय, तर फार तर एक-दोन मायक्रोहेन्री. त्यापेक्षा तीच वायर मोठ्या फेराइटच्या कड्यातून चार-पाच वेळा फिरवा, गाठींपेक्षा कितीतरी जास्त मिळेल. तेही एकट्याने पुरणार नाही. शिवाय घट्ट गाठीने आतली तार तुटते आणि वायर तिथेच तापते. त्या गाठी सोडाच.

निळी_शाई

आता एमओव्हीकडे.

१४डी४७१ मधला १४ म्हणजे चकतीचा व्यास मिलिमीटरमध्ये, ४७१ म्हणजे ४७ वर एक शून्य, ४७० व्होल्ट. या व्होल्टेजला त्यातून १ मिलिअँपिअर वाहतो, कमीजास्त १० टक्के. कायम सोसण्याची मर्यादा ३०० व्होल्ट एसी. २३० च्या पुरवठ्याला हा ठीक. बऱ्याच जणांना ४३१ घ्यावासा वाटतो कारण तो धक्क्याचं व्होल्टेज थोडं खाली आवळतो, पण त्याची मर्यादा २७५ आहे आणि रात्री लाइन २६० च्या वर जात असेल तर तो हळूहळू शिजत राहतो. खाली आवळण्याचा हव्यास धरू नका. आयईसीच्या वर्गवारीत भिंतीच्या सॉकेटला लावायच्या उपकरणाने २५०० व्होल्टचा क्षणिक धक्का सोसायचा असतो. ४७१ हा ५०-१०० अँपिअरला ७७५ च्या आसपास धरतो, किलोअँपिअरला हजाराच्या वर जातो. तरी पुष्कळ वाव उरतो.

१४ ऐवजी २० मिलिमीटरचा घ्या. तो एका धक्क्याला साडेसहा किलोअँपिअरपर्यंत जातो. तीन-चार समांतर लावून तिप्पट-चौपट मिळत नाही, कारण १० टक्क्यांच्या फरकामुळे ज्याचं व्होल्टेज सगळ्यात कमी तोच बहुतेक भार उचलतो. मोजून जुळवलेले असले तरच उपयोग.

जुना_वायरमन

निळी_शाईंनी महत्त्वाचं सांगितलंच नाही, म्हणून मी सांगतो. एमओव्ही जळतो. नुसता बंद पडत नाही, पेट घेतो.

प्रत्येक धक्क्यागणिक त्याच्यातली झिरप, म्हणजे धक्का नसतानाही वाहणारा बारीक प्रवाह, वाढते. झिरप वाढली की तो तापतो, तापला की झिरप आणखी वाढते. हे चक्र सुरू झालं की आतून जेमतेम अर्धा-एक अँपिअर वाहत असतो, तुमच्या ६ अँपिअरच्या फ्यूजला पत्ताही लागत नाही, आणि चकती लाल होते. रात्री, कोणी बघत नसताना, पडद्यामागे. आणखी एक कारण जे विजेशी संबंधितच नाही: तीन फेजच्या लाइनीचा न्यूट्रल तुटला की तुमच्या सॉकेटला ४०० पर्यंत काहीही येऊ शकतं. एमओव्ही ते धरून ठेवायला जातो आणि काही सेकंदांत भडकतो.

उपाय: थर्मल कटऑफ (तापला की लाइन तोडणारा भाग), साधारण १०० ते १२० अंशांचा, एमओव्हीच्या अंगाला चिकटवून, उष्णता टिकणाऱ्या नळीत दोन्ही एकत्र. नुसता जवळ ठेवून चालणार नाही. सोल्डर करताना त्याची तार पक्कडीत धरा, नाहीतर सोल्डरिंगच्या इस्त्रीच्या उष्णतेने तो तिथेच उडतो आणि माणूस तासभर बिघाड शोधत बसतो. तयार, आतच कटऑफ असलेले एमओव्हीही मिळतात. नवशिक्याने तेच घ्यावेत.

डबा धातूचा, अर्थ केलेला. प्लास्टिकचा खोका, लाकडी पेटी, पुठ्ठा अजिबात नाही.

चकमक

कटऑफ एमओव्हीच्या फांदीत लावायचा की मुख्य लाइनीत? फांदीत लावला तर एमओव्ही मेल्यावर टीव्ही चालूच राहील, आपल्याला कळणारही नाही.

निळी_शाई

चांगला प्रश्न. मी मुख्य लाइनीत लावीन. एमओव्ही गेला की सॉकेटही बंद, संरक्षण नाही तर लाइटही नाही. मात्र कटऑफ पूर्ण भार वाहू शकणारा हवा, १० अँपिअरचा, आणि भार तेवढाच ठेवायचा. फ्रीज किंवा राउटरसारखं बंद पडून चालणार नाही असं काही असेल तर फांदीत लावा आणि कटऑफच्या पुढे एक निऑन दिवा. दिवा विझला म्हणजे डबा रिकामा.

कपॅसिटर_काका

आता तारांची लांबी. इथे बहुतेक घरगुती डबे फसतात, आणि आराखड्याच्या कागदावर ते दिसत नाही.

तारेचा इंडक्टन्स मीटरमागे सुमारे १ मायक्रोहेन्री. ३ किलोअँपिअरचा धक्का ८ मायक्रोसेकंदांत चढला तर प्रत्येक मीटरवर पावणेचारशे व्होल्ट नुसत्या तारेत पडतात. एमओव्हीच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर वायर गुंडाळून ठेवलीत तर हजारावर आवळलेलं व्होल्टेज टीव्हीला चौदाशे दिसणार. नंतरचे आघात याहून तीव्र चढाचे असतात, तेव्हा आणखी वाईट. मुख्य बोर्डातल्या संरक्षकासाठी जोडतारांची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवा असं सांगतात ते याचसाठी.

करायचं असं की आत येणारी फेजची तार थेट एमओव्हीच्या पायाला, आणि त्याच पायापासून पुढे सॉकेटला. न्यूट्रल आणि अर्थ तसंच. फांदी काढायचीच नाही, मुख्य तारच एमओव्हीच्या पायांवरून गेली पाहिजे. पाय सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. एमओव्हीचा प्रतिसाद नॅनोसेकंदांत आहे अशी जाहिरात असते, ती खरी आहे, पण लांब तारेने तो वेग मातीमोल होतो.

अर्धा_ओहम

वाखुसा (वाचनखूण साठवली)! सुधारित आराखडा देतो.

फेजमध्ये फ्यूज, मग एमओव्हीला चिकटलेला कटऑफ. फेज-न्यूट्रल मधे २०डी४७१. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मधेही एकेक. तिन्हीचे पाय आखूड, धातूचा डबा. अर्थ घराचंच.

निळी_शाई

अर्थकडे जाणारे दोन एमओव्ही थेट जोडू नका. झिरप वाढली की आरसीसीबी उगाच पडत राहील. आणि घराची अर्थवायर कुठे तुटलेली असेल तर ती झिरप डब्याच्या धातूवर येईल, हात लावला की झटका. फेजकडून एक आणि न्यूट्रलकडून एक असे दोन एमओव्ही एका बिंदूला आणा आणि त्या बिंदूपासून अर्थला एक जीडीटी, म्हणजे गॅस डिस्चार्ज ट्यूब, ६०० व्होल्टची. एरवी ती पूर्ण उघडी, झिरप नाहीच. धक्का आला की आतला वायू पेटतो आणि ती वाट देते. या दोघांनाही कटऑफ हवाच, तिन्ही चकत्या एकाच नळीत एकमेकींना चिकटून बसवल्या तर एकच पुरेल.

जीडीटी एकटी फेज-न्यूट्रलमध्ये कधीच लावायची नाही. एकदा पेटली की तिच्यावर जेमतेम १०-२० व्होल्ट उरतात आणि लाइटचाच प्रवाह तिला पेटती ठेवतो. एमओव्ही सोबत एकसरीत असला की तो प्रवाह तोडतो.

आणि कृपया हे लक्षात घ्या की अजून तुमचा मूळ प्रश्न सुटलेला नाही. तुमचा धक्का लाइटमधून आलेलाच नव्हता.

अर्धा_ओहम

म्हणजे केबल आणि नेटची वायरही याच डब्यातून न्यायची?

निळी_शाई

हो. टीव्हीकडे जाणारी प्रत्येक धातूची तार एकाच पत्र्यावरून गेली पाहिजे आणि तो पत्रा एकाच ठिकाणी अर्थला. कोॲक्सिअल केबलसाठी जीडीटी बसवलेला तयार जोड मिळतो. एमओव्ही तिथे चालत नाही, त्याची शेकडो पिकोफॅरडची धारिता सिग्नल खाऊन टाकते, जीडीटीची एक-दोन असते. इथरनेटसाठी जीडीटी आणि छोटे टीव्हीएस डायोड (क्षणिक धक्का आवळणारे डायोड) असलेला तयार संरक्षक घ्या, तो घरी बनवण्याच्या भानगडीत पडू नका. दोन्हींची अर्थतार त्याच पत्र्याला, बोटभर लांबीची. ती लांब ओढून नळाला किंवा दुसऱ्या सॉकेटला बांधली की पुन्हा सळईचीच गोष्ट.

वेटोळंही कमी करा. नेटची केबल लाइटच्या वायरीच्या बाजूने आणा.

भिंगरी

फायबर असेल तर यातलं काहीच नको ना?

कपॅसिटर_काका

काचेतून वीज येत नाही, पण बाहेरून येणाऱ्या फायबर केबलमध्ये आधारासाठी बऱ्याचदा पोलादी तार असते. ती आत आणून राउटरजवळ लोंबती ठेवू नका, घराबाहेरच कापून घ्या किंवा अर्थ करून घ्या. आणि फायबरच्या राउटरला लाइट लागतेच, तेव्हा त्या बाजूने डबा हवाच.

शून्यप्रहर

मी वेगळी वाट सुचवतो. एएस३९३५ नावाची चिप आहे, वीज ओळखणारी. ४० किलोमीटरपासून वादळाचं अंतर सांगते. तिला छोटा कंट्रोलर आणि रिले जोडला की वादळ २० किलोमीटरच्या आत आलं की टीव्हीची लाइन आपोआप तुटते. एमओव्हीची कटकटच नको.

जुना_वायरमन

चिप छान आहे, खेळायला जरूर घ्या. रिलेवर विसंबू नका. साध्या रिलेच्या उघड्या संपर्कात मिलिमीटरभरही फट नसते, ती साधारण १००० व्होल्ट एसीला टिकते. दुसरं, बहुतेक जण फक्त फेज तोडतात, न्यूट्रल, अर्थ आणि केबल जोडलेल्याच. तिसरं, ती चिप मोबाइलच्या चार्जरला आणि मिक्सरच्या मोटरलाही वीज समजते, जागा नीट निवडावी लागते.

तिच्याकडून रिलेऐवजी भोंगा वाजवून घ्या. भोंगा वाजला की उठा आणि प्लग, केबल, नेटची वायर तिन्ही उपसा. चिप नसेल तर कान आहेत. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर वादळ १० किलोमीटरच्या आत आहे. त्या वेळी वायरींना हात लावू नका, उपसायचं ते त्याआधीच. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच पुन्हा लावा.

शून्यप्रहर

भोंग्याची कल्पना पटली. घरी कोणी नसलं तर?

जुना_वायरमन

तर निघतानाच उपसून जा. आणि मुख्य बोर्डात टाइप २ (लाइनीतून येणारे धक्के आवळणारा) संरक्षक बसवून घ्या. बोर्डापासून टीव्ही १० मीटरपेक्षा लांब असेल तर बोर्डातलं टाइप २ आणि टीव्हीजवळ हा डबा, असं दोन्ही हवं. नुसता डबा म्हणजे अर्धं काम.

अर्धा_ओहम

ठीक. दोन केबलींचे जोड, जीडीटी, मोठे एमओव्ही आणि ॲल्युमिनियमचा डबा जमवतो. बोर्डासाठी इलेक्ट्रिशियनला बोलावतो, त्यालाच अर्थिंग तपासायला सांगतो. शेवटची शंका: एमओव्ही अजून धड आहे की निम्मा मेलाय, हे लाइट न लावता कळतं का? मल्टीमीटरवर तर तो नेहमी उघडाच दिसतो.

कपॅसिटर_काका

मल्टीमीटरच्या नऊ व्होल्टला तो जागाच होत नाही. मेगर (इन्सुलेशन तपासायचं, जास्त व्होल्टेज देणारं यंत्र) मिळाला तर १००० व्होल्टच्या टप्प्यावर ठेवा, एमओव्ही डब्यातून सोडवून एकटा जोडा आणि समांतर १००० व्होल्ट सोसणारा मीटर लावा. मेगरचा प्रवाह मिलिअँपिअरच्या घरातच मर्यादित असतो, त्यामुळे व्होल्टेज एमओव्हीच्या पातळीवर येऊन थांबेल. ४७१ साठी ४२३ ते ५१७ च्या मधे काहीही ठीक. नवा असतानाच मोजून तो आकडा डब्याच्या आत लिहून ठेवा. पुढे तो १० टक्क्यांहून जास्त सरकलेला दिसला तर काढून टाका. जवळ वीज पडून गेली की एकदा मोजा, निऑन दिवा पेटलेला असला तरी. जीडीटीलाही तोच मेगर लावून बघा, ती ६०० च्या आसपास पेटते.